ऐब सांगून दिलेली अमानत

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. धाकटा मुलगा शिकवणीहून परतला तो चिंब भिजून. सायकलच्या कॅरिअरवर फळीचा तुकडा बांधलेला आणि त्यावर खताच्या पोत्यात काहीतरी गुंडाळलेले. "अम्मी, रागावू नको, आधी बघ," एवढेच तो म्हणाला. पोत्यात पाच-सहा महिन्यांचा गावठी कुत्रा होता. महामार्गावर गाडीने उडवलेला. पुढचे दोन पाय थरथरत होते, मागचे दोन नुसते लोंबत होते.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. मुलांचे अब्बा कुवेतला असतात. घरात मी, दोन मुले आणि मुलांची दादी. दादी पाच वेळच्या नमाजची तर पक्की आहेच, पण तहज्जुदलाही उठते. घरात कुत्रा ही गोष्ट आमच्याकडे कधी कुणी ऐकलेली नव्हती. दादीने ओट्यावरूनच पाहिले आणि म्हणाली, "घरात नको हं ते." मग थोडा वेळ गेला आणि तिनेच विचारले, "पाणी दिलंत का त्याला?"

आपल्या बहुतेक घरांची अवस्था या दोन वाक्यांसारखीच आहे. कुत्रा घरात नको हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. तहानलेल्याला पाणी द्यायचे हेही माहीत असते. दोन्ही एकदम दारात येऊन उभे राहिले की काय करायचे, हे मात्र कुणी शिकवलेले नसते. पुढचे सहा महिने आम्ही ते शिकत होतो. त्यात माझ्या हातून एक मोठी चूकही झाली. ती सांगावी म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

दीन काय सांगतो

दुसऱ्या दिवशी मी मुलाला मशिदीतल्या मौलानांकडे पाठवले. त्यांनी आधी कुत्र्याची चौकशी केली, मग मसला सांगितला. त्यांचे बोलणे मी माझ्या शब्दांत देते.

कुत्र्याच्या बाबतीत चारही मसलकांचे म्हणणे एक नाही. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई आणि हंबली मसलकात कुत्रा सगळाच नजिस मानला जातो आणि त्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यातले एकदा मातीने, धुवावे लागते. हनफी मसलकात त्याची लाळ नापाक आहे, मात्र अंगाबद्दल तेवढी कडक भूमिका नाही. मालिकी आलिम कुत्र्याला मुळात पाक मानतात आणि भांडे धुण्याचा हुकूम इबादत म्हणून पाळतात. कोरड्या अंगाला कोरडा हात लागला तर शाफई मसलकातही नापाकी चिकटत नाही. प्रश्न ओलाव्याचा असतो.

शिकार, गुरांची राखण आणि शेतीची राखण यांसाठी कुत्रा ठेवण्याची परवानगी हदीसमध्येच आहे. अशा कारणाशिवाय शौक म्हणून कुत्रा पाळला तर नेकीत घट होते आणि ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, अशाही सहीह हदीस आहेत. मौलानांनी त्यातले काही लपवले नाही. पण शौक म्हणून पाळणे वेगळे आणि जखमी जिवाची शुश्रूषा करणे वेगळे, असे त्यांनी सांगितले. "घराबाहेर गोठा रिकामा आहे ना तुमचा? तिथे ठेवा. भांडे वेगळे, कपडे वेगळे, हातमोजे घाला. आणि नमाजच्या वेळा सांभाळा."

मग त्यांनी मुलाला त्या प्रसिद्ध हदीसची आठवण करून दिली. वाटेने जाणाऱ्या एका माणसाला तहान लागली, तो विहिरीत उतरून पाणी प्याला. वर आला तर एक कुत्रा तहानेने ओली माती चाटत होता. माणूस पुन्हा खाली उतरला, चामडी मोज्यात पाणी भरून ते दातांत धरून वर आला आणि त्याने कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याची ही कृती कबूल केली आणि त्याला माफ केले. सहाबांनी विचारले, जनावरांच्या बाबतीतही आपल्याला सवाब आहे का? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की प्रत्येक जिवंत प्राण्याच्या बाबतीत सवाब आहे. दुसऱ्या एका रिवायतीत हेच काम बनी इस्राईलमधल्या एका बदनाम स्त्रीने केले आणि तिलाही माफी मिळाली. उलट, मांजर कोंडून ठेवून तिला खायला न देणाऱ्या आणि मोकळीही न सोडणाऱ्या बाईला अजाब झाला, हेही आपण ऐकलेले असते.

दादी हे सगळे ओट्यावर बसून ऐकत होती. तिला सूरह कहफ पाठ आहे, दर जुम्याला वाचते. गुहेतल्या त्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही होता आणि तो उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसला होता, असे त्यात येते. कुरआनने त्याचे नाव सांगितलेले नाही, पण जुनी माणसे त्याला कित्मीर म्हणत आली आहेत. आमचा पाहुणाही गोठ्याच्या दाराशी अगदी तसाच पडला होता, पुढचे पाय पसरून. मागच्यांचा त्याला काही उपयोगच नव्हता. दादीनेच त्याला कित्मीर म्हणायला सुरुवात केली. हात मात्र तिने त्याला शेवटपर्यंत लावला नाही.

ठिबकणे म्हणजे लघवी होणे नव्हे

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला तपासले आणि शहरात पाठवून एक्स-रे काढायला लावला. कमरेच्या वर मणक्याला मार लागला होता. डॉक्टरांनी मागच्या पायाची बोटे चिमट्याने दाबून पाहिली. कित्मीरने मानही वळवली नाही. "खोल वेदना कळत नसेल तर पाय परत येण्याची आशा कमी," ते म्हणाले. मुलाचा चेहरा उतरला. "पण हा मरणार नाही. आता त्याला वेदनाही नाहीत. माणसांना झेपलं तर बरीच वर्षं जगेल."

झेपायचे म्हणजे काय, ते मग कळले. मणक्याला मार लागलेल्या कुत्र्याला पुष्कळदा आपणहून लघवी करता येत नाही. मूत्राशय भरत जाते आणि रिकामे होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोटाच्या मागच्या भागावर दोन्ही बाजूंनी हळूहळू दाब देऊन लघवी काढावी लागते. डॉक्टरांनी माझा हात धरून ते शिकवले. पहिले चार दिवस मला काही जमेना. पाचव्या दिवशी हाताला छोट्या फुग्यासारखे काहीतरी लागले आणि धार आली. मी जोरात "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले तशी दादी घाबरून बाहेर आली.

वेळा मी नमाजला जोडल्या. फजरनंतर, जोहरच्या आधी, असरच्या सुमारास आणि इशानंतर. गोठ्यात एक जुना गाऊन, रबरी हातमोजे आणि गमबूट ठेवले. काम झाले की ते तिथेच उतरवायचे. सुरुवातीला वाटले होते की नापाकीच्या धाकाने इबादत अवघड होईल. झाले उलटेच. वेळा बांधल्या गेल्यामुळे माझी एकही नमाज कजा झाली नाही आणि त्याची एकही पाळी चुकली नाही.

बाकीचेही होतेच. एकाच कुशीवर पडून राहिला की हाडाच्या ठिकाणी जखम होते, म्हणून अंथरूण जाड आणि कोरडे हवे, कूस बदलायला हवी. फरफटत चालल्याने गुडघे सोलवटतात, म्हणून जुन्या मोज्यांच्या पट्ट्या बांधायच्या. लघवी गढूळ झाली किंवा तिला उग्र वास आला की दवाखाना गाठायचा, कारण अशा कुत्र्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो. रेबीजची लस दिली, पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने नसबंदीही करून घेतली.

गावातल्या प्लंबरने पीव्हीसी पाइप आणि दोन लहान चाके जोडून त्याच्यासाठी गाडी तयार केली. साडेसातशे रुपये खर्च आला. मजुरी त्याने घेतली नाही. पहिल्या दिवशी कित्मीर गाडीत पुतळ्यासारखा उभा राहिला. तिसऱ्या दिवशी अंगणभर धावला आणि वळणावर उलटला. या गाडीत कुत्र्याला आडवे होता येत नाही, म्हणून एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरे. हेही अनुभवानेच कळते.

दुसरे घर शोधण्याची वेळ

ऑक्टोबरात दादीच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. जानेवारीत मुंबईला, आणि त्यानंतर दोन महिने मला तिच्याजवळ राहायचे होते. मुलगी कॉलेजसाठी रत्नागिरीत, मुलगा दहावीला. तो मामूंकडे राहणार होता. कित्मीरचे काय?

खरे सांगायचे तर ऑपरेशन हे एकच कारण नव्हते. मी थकले होते. शेजारणी कुजबुजत होत्या. एका नातेवाइकाने तर फोनवर सांगितले, "एवढं केलंत तेच खूप झालं. आता बाजारात सोडून द्या, कुणी ना कुणी घालतंच खायला." चालत्या-फिरत्या कुत्र्याच्या बाबतीतही हे बरोबर नाही. पाळलेल्या जनावराला त्याचे हाल होतील अशा अवस्थेत वाऱ्यावर सोडणे हा प्राण्यांच्या क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि ज्याची लघवी दुसऱ्याने काढावी लागते, त्याला बाजारात सोडणे म्हणजे दोन-चार दिवसांत तडफडून मरू देणे.

त्या दिवसांत मौलानांनी मला ह. इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांच्याबद्दल सांगितले. हे तेराव्या शतकातले नामवंत शाफई आलिम. दमास्कसचे. १२६२ मध्ये कैरोत त्यांचा इंतकाल झाला. 'कवाइदुल अहकाम' या आपल्या ग्रंथात त्यांनी माणसावर जनावरांचे कोणते हक्क आहेत याची यादीच दिली आहे. त्यातला पहिलाच हक्क असा की जनावर म्हातारे झाले किंवा आजारी पडले आणि त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च करत राहावा. झेपेल त्याहून जास्त ओझे लादू नये, त्याला इजा होईल अशा दुसऱ्या जनावरांबरोबर कोंडू नये, हेही त्यात आहे. साडेसातशे वर्षांपूर्वी, आपल्याच मसलकाच्या आलिमाने हे लिहून ठेवलेले. मला कुणी शिकवले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

माझी चूक

ओळखीपाळखीत विचारायला सुरुवात केली. तालुक्याच्या गावातल्या एका कुटुंबाने तयारी दाखवली. भली माणसे. दोन लहान मुले, घरामागे आवार. त्यांनी फोनवर विचारले, "त्याला काय-काय करावं लागतं?"

मी म्हटले, "मागचे पाय चालत नाहीत. गाडी आहे त्याची. थोडी मदत करावी लागते, बाकी हुशार आहे."

"थोडी मदत" या दोन शब्दांत मी सगळे दडवले. दिवसातून चार वेळा लघवी काढावी लागते हे सांगितले तर कुणीच घेणार नाही, अशी भीती होती. पोहोचवायला गेले तेव्हा घाईघाईत एकदा दाखवले, "असं दाबायचं." त्या ताईंनी मान हलवली. त्यांना ते कळलेले नाही हे मला दिसत होते. तरी मी निघाले.

नवव्या दिवशी मुलगा हट्टाने बघायला गेला आणि कित्मीरला रिक्षात घालून परत घेऊन आला. अंगात ताप, कमरेच्या हाडावर रुपयाएवढी जखम, पोट टणक. त्या कुटुंबाने त्याची आबाळ केली नव्हती. रोज दूध, भात, अंडे दिले होते. अंथरूण सतत ओले होत होते, म्हणून त्यांना वाटले की लघवी होते आहे, मग दाबायचे कशाला? डॉक्टरांनी आम्हाला समजावले की काठोकाठ भरलेला माठ जसा पाझरतो, तसे हे ठिबकणे असते. आत मूत्राशय तुंबलेले असते, तिथेच जंतू वाढतात. बघणाऱ्याला मात्र सगळे ठीक वाटते.

प्रतिजैविकांची इंजेक्शने सुरू झाली. त्या रात्री इशानंतर मी गोठ्यात बसले होते. दादी दाराशी येऊन उभी राहिली. "त्यांना सगळं सांगितलं होतंस?" तिने विचारले. मी गप्प राहिले. "गल्ल्याची हदीस आठवते ना?" एवढेच बोलून ती आत गेली.

आठवत होती. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वर कोरडे, आत ओले. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, असे सांगितले. मी तर व्यापारही करत नव्हते. पैसा घ्यायचा नव्हता, फक्त मोकळे व्हायचे होते. पण ओले धान्य मी खालीच ठेवले होते. त्याची शिक्षा मात्र भोगली ज्याला तोंड नाही त्याने.

ऐब लिहून काढले

कित्मीर तीन आठवड्यांत सावरला. मग मुलीने आणि मी एक पान लिहिले. या वेळी सगळ्यात अवघड गोष्टी सगळ्यात वर.

रोज चार वेळा हाताने लघवी काढावी लागते, शिकायला आठवडा लागतो. शी कधीही, कुठेही होते, त्याला कळत नाही. रात्री एकटा ठेवता येतो, दिवसा सहा तासांपेक्षा जास्त नाही. वर्षातून दोन-तीनदा मूत्रसंसर्ग होऊ शकतो, औषधाचा खर्च येतो. पाय बरे होणार नाहीत. राखण होणार नाही, कारण तो कुणावरच भुंकत नाही. हे सगळे लिहून झाल्यावर खाली मुलाने आपल्या अक्षरात भर घातली: सायकलची घंटा ओळखतो. भाकरी आवडते, पाव आवडत नाही. लहान मुलांना चावत नाही.

हे पान आम्ही ओळखीच्यांना, दवाखान्यात, किराणा दुकानात दिले. महिनाभरात अकरा जणांनी विचारले. आठ जणांनी पान वाचून नकार दिला. पूर्वी मला त्याचे वाईट वाटले असते. आता वाटले, बरे झाले, हे आठ नवव्या दिवसाच्या आधीच कळले. एकाला माकडे हाकलायला कुत्रा हवा होता. एकजण म्हणाला, "महिन्याला पैसे द्याल तर ठेवतो." पैशांसाठी ठेवणारा पैसे थांबले की काय करेल, असा विचार करून आम्हीच नको म्हटले.

अकरावा फोन एका काकूंचा होता. राजापूरच्या बाजूला आंब्याची बाग, तिथेच घर. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. काकूंनी तो कसा दिसतो, रंग कोणता, हे काही विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "रात्री शेवटची लघवी किती वाजता काढता?" दुसरा, "उभा धरून की कुशीवर?" त्यांच्या सासूबाई सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचे सगळे काकूंनीच केले होते. "पाठीला एकही जखम होऊ दिली नव्हती मी," त्या म्हणाल्या. आवाजात अभिमान होता, आणि तो साजेसाच होता.

पंधरा दिवसांची मुदत

या वेळी घाई केली नाही. काका-काकू तीन वेळा आमच्याकडे आले. पहिल्या खेपेला काकूंनी नुसते पाहिले, दुसऱ्या खेपेला माझ्या हातावर हात ठेवून दाबले, तिसऱ्या खेपेला मी दूर उभी राहिले आणि त्यांनी एकटीने केले. दादीने चहा आणि सांदणे दिली. दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांबद्दलच जास्त बोलल्या.

मग मी आणि मुलगा बागेवर जाऊन आलो. कुत्रा ठेवणार ती पडवी पाहिली. जमीन गुळगुळीत लादीची होती, त्यावर पुढचे पायही घसरले असते. काकांनी त्याच आठवड्यात तिथे काथ्याच्या पट्ट्या टाकल्या. बागेत आणखी एक कुत्री होती. दोघांना एकमेकांच्या जवळ बसवून पाहिले, तिने वास घेतला आणि ती जाऊन झोपली.

साध्या कागदावर आम्ही चार गोष्टी लिहिल्या आणि दोघांनी सह्या केल्या. पंधरा दिवस पाहायचे. नाही जमले तर लाज न बाळगता परत द्यायचे. पुढेही कधी ठेवता आले नाही तर दुसऱ्या कुणाला परस्पर न देता आम्हाला कळवायचे. रेबीजची लस दरवर्षी द्यायची. आणि आम्हाला कधीही भेटायला येता येईल.

निघताना काकांनी मुलाच्या हातात पाचशेची नोट ठेवली. त्याने ती परत केली. कुत्र्याची किंमत घेण्यास हदीसमध्ये मनाई आहे आणि शाफई मसलकात कुत्र्याची विक्री होतच नाही, हे त्याने मौलानांकडून ऐकले होते. त्याने काकांना एवढेच सांगितले, "आमच्यात याचे पैसे घेत नाहीत, काका." काका म्हणाले, "मग औषधाला असू दे." शेवटी ती नोट बागेवरच्या औषधाच्या डब्यात गेली.

दादी ओट्यावर उभी होती. सहा महिने रोज संध्याकाळी ती स्वतःच्या वाट्याची अर्धी भाकरी झाकून ठेवायची आणि मुलाला सांगायची, "त्याला दे जा." त्या दिवशीही तिने भाकरी पुडीत बांधून काकूंच्या हाती दिली. "पाव खात नाही तो," ती म्हणाली.

आपल्यापैकी कुणावर ही वेळ आली तर

मणक्याला मार लागलेल्या जनावराला चारी पाय धरून उचलू नका. फळी, पत्रा किंवा जाड पुठ्ठ्यावर सरकवून न्या. दुखावलेला कुत्रा चावू शकतो, तेव्हा तोंडावर कापड टाका. चावला किंवा ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. रेबीज एकदा अंगात उतरला की त्यावर इलाज नाही, वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते. मदतीसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही आहे.

प्रत्येक बरा झालेला कुत्रा कुणाच्या घरी द्यावा लागतोच असे नाही. गल्लीतला कुत्रा धडधाकट झाला की नसबंदी आणि लस करून त्याला त्याच्याच जागी सोडावे, असे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही सांगतात. घर शोधायचे ते रस्त्यावर जगू न शकणाऱ्यासाठी. त्यातही प्रत्येकाची गरज वेगळी असते. तीन पायांचा कुत्रा बहुधा सहज सावरतो, त्याला फक्त वजन वाढू न देणारा मालक हवा. आंधळ्याला घरातले सामान सारखे हलवणारे घर चालत नाही. बहिऱ्याला हाताच्या खुणा शिकवता येतात, पण तो रस्त्याकडेच्या घरात मोकळा सोडता येत नाही. डिस्टेंपरमधून वाचलेल्याला पुढे झटके येऊ शकतात, हे घेणाऱ्याला आधीच माहीत हवे.

आपल्या घरात ठेवता येत नाही म्हणून हात झटकायचे कारण नाही. गोठा, परसू, बागेतली झोपडी, मळ्यावरचे घर अशा जागा आपल्याकडे असतात. स्वतःला अजिबात शक्य नसेल तर दवाखान्यापर्यंत नेणे, औषधाचा खर्च उचलणे, योग्य माणूस शोधून देणे, हेही कमी नाही. फक्त देताना सगळे सांगून द्या. "थोडी मदत लागते" असे म्हणू नका. किती वेळा, किती खर्च, काय बरे होणार नाही, ते स्पष्ट सांगा. नकार आला तर तो जनावराच्या भल्याचाच समजा. ऐब ऐकूनही जो "कधी येऊ?" विचारतो, त्याच्याच हाती अमानत द्या.

जानेवारीत

दादीचे ऑपरेशन नीट झाले. पहिले काही दिवस मात्र तिला कूससुद्धा स्वतःला बदलता येत नव्हती. मी आणि नर्स मिळून तिला वळवायचो. एका रात्री वळवताना ती एकदम म्हणाली, "कित्मीरला आता कोण वळवतं गं?"

मी काकूंना फोन लावला. दहा वाजून गेले होते. काकू म्हणाल्या, "आत्ताच काढली त्याची. झोपलाय." मी फोन दादीच्या कानाला लावला. काकूंनी तिच्या गुडघ्याची चौकशी केली, मग कित्मीरच्या कमरेवरची जुनी जखम पूर्ण भरल्याचे सांगितले. दादीने ऐकून घेतले, फोन माझ्याकडे दिला आणि डोळे मिटून हळू आवाजात काकूंसाठी दुआ केली.

पंधरा दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. तो कागद अजून आमच्या कपाटात आहे. परत कुणी मागितला नाही.